इंग्रजी ‘थग’ आणि आपला ‘ठक’ : शब्द एक, अर्थ भलतेच

प्रश्न तीन आहेत. इंग्रजीतला ‘थग’ हा शब्द मराठीतून गेला असे काही कोशांत दिसते, ते खरे का? इंग्रजी बातमीत ‘थग्ज’ आले की मराठीत ‘ठग’ लिहिलेले चालेल का? आणि हल्ली पोरे ज्याला ‘थग लाईफ’ म्हणतात, ती शिवी समजायची की शाबासकी?

आधी थोडक्यात. शब्द आपल्याकडचाच, पण त्यावर एकट्या मराठीचा हक्क सांगता येत नाही. आजच्या बातमीत ‘ठग’ लिहू नका, अर्थ उलटा होतो. आणि तिसऱ्याचे उत्तर, कोण कोणाला म्हणतो आहे ते पाहिल्याशिवाय देता येत नाही. किंबहुना या शब्दाबाबत दोनशे वर्षे हाच मुद्दा आहे: ‘थग’ कोण, हे त्या माणसाच्या करणीपेक्षा बोट दाखवणाऱ्यावर जास्त ठरत आले.

व्युत्पत्तीत फारसे वाद नाहीत. संस्कृतात ‘स्थग्’ हा धातू झाकणे, दडवणे या अर्थाचा. त्यावरून ‘स्थग’ म्हणजे लबाड, धूर्त. शब्दारंभीच्या ‘स्थ’चा प्राकृतात ‘ठ’ होतो. स्थानाचे ठाण झाले, त्याच वाटेने स्थगाचा ठग झाला. हिंदीत ‘ठग’ रुळला. मराठीत ‘ठक’ आणि ‘ठग’ दोन्ही आहेत, पण घरचे रूप ‘ठक’: ठकवणे, ठकबाजी, ठकसेन, ठकास महाठक. इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘ग’ आहे, आणि तो शब्द इंग्रजी वाचकांत गाजला तो जबलपूर-नरसिंहपूरकडच्या कागदपत्रांतून. त्यामुळे थेट उगम हिंदीचा आणि मराठी रूप त्याचे सख्खे भावंड, असे मानणे मला रास्त वाटते. जुने अँग्लो-इंडियन कोश दोन्ही भाषांची रूपे शेजारी देतात, तेच बरोबर. ‘मराठीने इंग्रजीला दिलेला शब्द’ म्हणून छाती फुगवण्याइतका पुरावा नाही.

हाच धातू ‘स्थगित’मध्येही आहे. विधानसभेचे कामकाज स्थगित होते तेव्हा त्यावर झाकण पडते, आणि ठकाच्या मनातला बेतही झाकलेलाच असतो. भाषाशास्त्रज्ञ या धातूचे नाते लॅटिनमधल्या ‘झाकणे’ अर्थाच्या क्रियापदाशी जोडतात. त्यातून इंग्रजीत ‘प्रोटेक्ट’ आला, म्हणजे पुढून झाकणे, आणि ‘डिटेक्ट’ आला, म्हणजे झाकण काढणे. चोर आणि डिटेक्टिव्ह एकाच घराण्यातले निघावेत, ही गंमत व्युत्पत्तीतच सापडते.

‘ठ’चा ‘थ’ कसा झाला? कंपनीच्या काळात इंग्रज लिहिणारे आपला ‘अ’ त्यांच्या ‘यू’ अक्षराने दाखवत आणि ‘ठ’साठी ‘टी’पुढे ‘एच’ जोडत. हिंदुस्थानात राहिलेल्याला त्याचा उच्चार ठाऊक होता. लंडनमध्ये पुस्तक उघडणाऱ्याला नव्हता. त्याने ती दोन अक्षरे ‘थंब’ किंवा ‘थंडर’मध्ये वाचतात तशी वाचली आणि ठगाचा थग झाला. परदेशी पाहुणा ठाण्याला ‘थाने’ म्हणतो त्यामागेही हेच लिपीचे कारण आहे. म्हणजे स्थानापासून निघालेले ठाणे आणि स्थगापासून निघालेला ठग, दोघांचाही ‘ठ’ एकाच जागी हरवला.

आता अर्थाकडे वळू. मूळ अर्थात हिंसा नाही, लबाडी आहे. झियाउद्दीन बरनीच्या चौदाव्या शतकातल्या फारसी इतिहासात जलालुद्दीन खिलजीच्या कारकिर्दीतली, म्हणजे १२९० ते १२९६ मधली एक नोंद आहे. दिल्लीत हजारभर ठग पकडले गेले. सुलतानाने त्यांना मारले नाही. होड्यांत घालून बंगालकडे लखनौतीच्या मुलखात नेऊन सोडायला लावले. तिथे गळा आवळण्याचा उल्लेख नाही. त्या ठगांना एकोणिसाव्या शतकातल्या गळा आवळणाऱ्या टोळ्यांचे पूर्वज ठरवणारे लेखन बरेच आहे, पण एवढ्या नोंदीवरून तसे म्हणता येत नाही. शब्द सारखा असला म्हणून टोळी तीच ठरत नाही.

आपल्या बाजूचा पुरावा याहून नेमका आहे. रॉबर्ट ड्रमंड याने १८०८ साली मुंबईत गुजराती आणि मराठीच्या व्याकरणाविषयी एक पुस्तक छापले. त्यात या शब्दाला फसवणारा, लुबाडणारा एवढाच अर्थ दिला आहे; खुनाचा मागमूस नाही. हे निरीक्षण ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या अँग्लो-इंडियन कोशाने नोंदवून ठेवले आहे. मराठी बोलणाऱ्यासाठी तो अर्थ आजही तसाच आहे. ‘ठकवले’ म्हटल्यावर आपल्याला पैसे बुडालेला माणूस दिसतो, प्रेत दिसत नाही.

मग खुनी कुठून आला? वाटसरूंचा गळा आवळून लुटणाऱ्या टोळ्यांना दक्षिणेत ‘फासीगर’ म्हणत, फासावरून. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर बंगळूरच्या आसपास त्यांच्यातले शंभरेक लोक पकडले गेले. मद्रासकडचा डॉक्टर रिचर्ड शेरवुड याने १८१६ मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला, तो फासीगर याच नावाने. उत्तरेत तशाच कामाला ‘ठग’ हा शब्द लागत होता. इंग्रजीपुढे दोन नावे होती: एक कृती सांगणारे, एक स्वभाव सांगणारे. नेमके नाव मागे पडले आणि सैल नाव टिकले. एक कारण उघड आहे: या टोळ्यांविरुद्धची कंपनी सरकारची मोहीम उत्तरेत मोठी झाली आणि छापील कागदही तिथूनच निघाले. दुसरे कानाचे. ‘थग’ हा ‘थड’, ‘थंप’ अशा दणक्याच्या शब्दांच्या रांगेत जाऊन बसतो. फासीगर इंग्रजी जिभेला लांब पडतो.

उत्तरेत तो शब्द का चिकटला, हे त्यांच्या कामाच्या पद्धतीवरून कळते. त्या टोळ्यांची खरी हत्यारे गोड बोलणे आणि धीर. व्यापारी, यात्रेकरू किंवा रजेवर निघालेले शिपाई यांच्या वेषात ते वाटसरूंना गाठत. ओळख वाढवून विश्वास बसवणाऱ्याला त्यांच्या बोलीत ‘सोथा’ म्हणत. एकत्र प्रवास कधी काही तासांचा, तर कधी पुष्कळ दिवसांचा. जागा आधी ठरलेली असे आणि खड्डे खणणारे ‘लुघा’ पुढे गेलेले असत. ठरलेली खूण म्हणजे ‘झिरनी’. अनेकदा ती ‘तमाखू आणा’ अशा अगदी साध्या वाक्याची असे, म्हणजे सावजाला संशय येऊ नये. मग ‘भुर्तोट’ मागून रुमाल टाकी आणि ‘शमसिया’ हात धरून ठेवी. रक्त सांडत नाही, आरडाओरड होत नाही, प्रेत जमिनीत जाते, आणि मेलेला माणूस घरापासून इतका दूर असतो की तो हरवला आहे हे कळायलाच महिने लागतात. म्हणजे खुनाआधीचे जवळजवळ सगळे काम ठकवण्याचे होते. शब्द तिथे चपखल बसत होता. भाषाशास्त्रात याला अर्थसंकोच म्हणतात: कोणत्याही लबाडाला लागणारा शब्द एका विशिष्ट लबाडापुरता उरला.

हे सगळे तपशील मुख्यतः ती मोहीम चालवणारा कंपनीचा अधिकारी विल्यम स्लीमन याच्यामुळे आपल्याकडे आले. १८३० च्या अखेरीस त्याच्या हाती फिरंगिया नावाचा म्होरक्या लागला आणि माफीचा साक्षीदार झाला. एका साक्षीदाराने दुसऱ्याकडे बोट दाखवायचे, तो पकडला की त्याने तिसऱ्याकडे, अशी साखळी चालू झाली. १८३६ मध्ये स्लीमनने कलकत्त्यात त्यांच्या बोलीचा कोश छापला. बोलीचे नाव ‘रामसी’, म्हणून पुस्तक ‘रामसीआना’. त्यात एक मजेशीर गोष्ट सापडते. आपसात ते आपल्या माणसाला ‘बोरा’ किंवा ‘औला’ म्हणत आणि बाहेरच्या प्रत्येकाला ‘बीटू’. ठग हे जगाने लावलेले नाव.

या साक्षींवर किती विसंबायचे यावर इतिहासकारांत मोठा वाद आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय या शब्दावर लिहू नये. एका टोकाला स्लीमनचे चित्र: देशभर पसरलेला, भवानीला वाहिलेला, पिढीजात खुन्यांचा एक पंथ. दुसऱ्या टोकाला, हे सगळे इंग्रजांनी रचलेले कुभांड. माझ्या मते दोन्ही टोके लंगडी आहेत. रस्त्यावर गळा आवळून लुटणाऱ्या टोळ्या होत्या, यात शंका घ्यायला जागा नाही. पुरलेली प्रेते उकरून काढली गेली. पण त्यांचा एकच पंथ होता, याला आधार कमकुवत आहे. टोळ्यांत हिंदू होते तसे मुसलमानही होते, आणि देवीचे शकुन पाहणे ही त्या काळच्या कुठल्याही धाडसी धंद्याची रीत होती. शिंद्यांच्या मुलखात तर ठगांच्या घरांवर कर घेतला जात असे. ज्याच्यावर कर बसतो तो गुप्त पंथ कसला? स्थानिक सत्तेला ठाऊक असलेला, तिच्या आश्रयाने चालणारा तो लुटीचा धंदा होता.

आणखी एक आकडा जालावर सतत फिरतो: बेहराम नावाच्या ठगाने ९३१ खून केले. जेम्स पॅटन या अधिकाऱ्याने टिपलेल्या जबानीत बेहराम म्हणतो की ९३१ खुनांच्या वेळी तो हजर होता. स्वतःच्या हाताने सुमारे १२५ जणांना मारले असेल, असे तो वेगळे सांगतो. हजर असणे आणि मारणे यांत फरक न केल्यामुळे विक्रमांच्या याद्यांत चुकीचा आकडा जाऊन बसला. आणि १२५ ही संख्यासुद्धा माफीची आशा असलेल्या माणसाच्या तोंडची आहे.

शब्दाच्या दृष्टीने खरे वळण कायद्याने दिले. १८३६ चा तिसावा कायदा म्हणतो: कायदा होण्याआधी किंवा नंतर, कंपनीच्या मुलखात किंवा बाहेर, जो कोणी ठगांच्या टोळीत होता असे सिद्ध होईल त्याला सक्तमजुरीसह जन्मठेप. कोणता खून, कुठे, कोणाचा, हे सिद्ध करायची गरज उरली नाही. आणि ‘ठग’ म्हणजे कोण, याची व्याख्या त्या कायद्यात नाही. सगळी शिक्षा एका शब्दावर टांगलेली, आणि तो शब्द मोकळाच सोडलेला. व्याख्या आली १८६० च्या भारतीय दंड संहितेत, कलम ३१० मध्ये: खून करून किंवा खुनासह जबरी चोरी अथवा मुलांची चोरी करण्यासाठी इतरांशी नेहमी संगत ठेवणारा तो ठग. त्यात रुमाल नाही, देवी नाही, आणि नवल म्हणजे फसवणूकही नाही. शब्दातला मूळ ‘ठक’ कायद्यानेच काढून टाकला. कलम ३११ मध्ये जन्मठेप आणि दंड होता. ही दोन्ही कलमे ३० जून २०२४ पर्यंत पुस्तकात होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठग नाही. वकिलीच्या मजकुराचे भाषांतर करणाऱ्यांनी इथे जपावे: नव्या संहितेतही ३१० क्रमांकाचे कलम आहे, पण ते दरोड्याचे.

१८३९ हे वर्ष या शब्दाच्या चरित्रात सगळ्यात महत्त्वाचे. निजामाच्या नोकरीतला फिलिप मेडोज टेलर याची ‘कन्फेशन्स ऑफ अ थग’ ही कादंबरी त्या वर्षी लंडनमध्ये तीन खंडांत निघाली आणि भरपूर खपली. व्हिक्टोरिया राणीला ती इतक्या घाईने वाचायची होती की छपाईतली पाने तिच्याकडे जात होती. हाच टेलर पुढे १८५३ पासून नळदुर्गला अधिकारी होता, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात. कादंबरीने इंग्रजी वाचणाऱ्या घराघरांत शब्द पोचवला.

पण त्याच वर्षी दुसरी गोष्ट घडली, जिचा हिंदुस्थानाशी काही संबंध नव्हता. १८३७ मध्ये ग्लासगोच्या सूतगिरण्यांत संप झाला होता आणि संप मोडून कामावर गेलेल्या एकाला गोळी घालून मारले होते. जानेवारी १८३८ मध्ये कामगार संघटनेच्या पुढाऱ्यांवर खटला चालला. खुनाचा आरोप शाबीत झाला नाही, पण बाकीच्या आरोपांवर सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. टॉमस कार्लाइल या लेखकाने १८३९ च्या अखेरीस ‘चार्टिझम’ या पुस्तकात त्या कामगारांसाठी ‘ग्लासगोचे थग’ हे नाव वापरले आणि हे नाव मोठे मार्मिक आहे अशी वर पावतीही दिली. कोशकार या शब्दाच्या लाक्षणिक अर्थाची पहिली नोंद इथलीच देतात. बघा, कादंबरीची शाई वाळायच्या आत शब्द हिंदुस्थानातून सुटून स्कॉटलंडच्या मजुराच्या कपाळावर जाऊन चिकटला. संकोच झालेला अर्थ लगेच विस्तारला, पण मूळ जागी परतला नाही. लबाडी गळली आणि मारामारी तेवढी राहिली. इंग्रजीकडे लबाडासाठी शब्दांची रेलचेल आधीच होती. तिथे जागा रिकामी नव्हती.

अमेरिकेतही शब्द लवकर पोचला. मार्क ट्वेन १८९६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला. पुढच्या वर्षीच्या प्रवासवर्णनात तो सांगतो की मिसिसिपीच्या खोऱ्यात लहान असतानाच ठगांच्या उडत्या गोष्टी त्याच्या कानावर आल्या होत्या. तिकडच्या शहरांत निवडणुकीच्या दिवशी मतदारांना बडवणाऱ्या टोळ्यांना हे नाव पडले. न्यू ऑर्लिन्समध्ये १८५० च्या दशकात स्थलांतरितांच्या विरोधातल्या पक्षाचे दांडगे ‘थग’ म्हणूनच ओळखले जात.

मग एक उलटी कोलांटी. १९३१ मध्ये केंटकीतल्या हार्लन काउंटीत कोळसा खाणींचा संप पेटला. खाणमालकांच्या बाजूने बंदुका घेऊन फिरणाऱ्यांना मजूर ‘गन थग’ म्हणत. संघटनेच्या कार्यकर्त्याची बायको फ्लोरेन्स रीस हिने त्या वेळी रचलेल्या गाण्यात दोनच जाती ठेवल्या आहेत: एक युनियनचा माणूस, दुसरा शेरीफ ब्लेअरचा, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचा थग. ग्लासगोत हा शब्द मजुरांवर फेकला गेला होता. ब्याण्णव वर्षांनी मजुरांनी तोच उचलून मालकांच्या भाडोत्री माणसांवर फेकला. शब्दाचा अर्थ तोच राहिला, फक्त धरणारा हात बदलला.

ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘थग’ म्हटले की फुटबॉलच्या सामन्यानंतर बाटल्या फेकणारा तरुण डोळ्यांसमोर येई, आणि तो बहुतेक वेळा गोरा असे. तिथे शब्दाला अमेरिकेइतका वर्णाचा वास नाही. तिथले बागकाम करणारे तर झाडालाही थग म्हणतात. वाफ्यात लावलेला पुदिना शेजारच्या रोपांची जागा गिळत सुटतो. तो त्यांच्या भाषेत ‘जरासा थगच’. म्हणून तो कुंडीत लावतात. शिवी इतकी मवाळ झालेली क्वचितच पाहायला मिळते.

अमेरिकेत मात्र उलट घडले. तिथे विसाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द हळूहळू काळ्या तरुणांभोवती आवळला गेला, म्हणजे पुन्हा अर्थसंकोच. त्याच सुमारास त्या तरुणांनी तो उचलून अंगावर मिरवायला घेतला. रॅप गायक टुपाक शकूर याने ‘थग लाईफ’ ही अक्षरे पोटावर गोंदवून घेतली होती. त्याच नावाच्या त्याच्या गटाचा अल्बम १९९४ मध्ये आला. लहान मुलांना जो द्वेष पाजाल तो सगळ्यांच्याच मुळावर येतो, अशा आशयाच्या वाक्यातली आद्याक्षरे जोडून तो या दोन शब्दांचा अर्थ सांगत असे. त्याच्या तोंडी थग म्हणजे गुन्हेगार नव्हे. काही नसताना, कोणी विचारत नसताना तगून राहिलेला तो थग. शिवी पडते त्यानेच ती बिरुद म्हणून लावायची, हा अर्थोत्कर्षाचा प्रकार जगभर दिसतो. पण तो घरापुरताच चालतो. बाहेरच्याने उच्चारला की तोच शब्द परत शिवी होतो.

हे पुढच्या दोन-तीन प्रसंगांत स्पष्ट दिसले. जानेवारी २०१४ मध्ये रिचर्ड शर्मन हा काळा अमेरिकन फुटबॉलपटू एका मोठ्या सामन्यानंतर कॅमेऱ्यासमोर आवेशात बोलला आणि वाहिन्यांनी त्याला ‘थग’ ठरवले. त्याने उत्तर दिले ते नेमके होते: काळ्या माणसाला द्यायची जी जुनी शिवी आता उघड देता येत नाही, तिच्या जागी हा शब्द चालवून घेतला जातो. एप्रिल २०१५ मध्ये बाल्टिमोरला पोलीस कोठडीत जखमी झालेल्या फ्रेडी ग्रे या तरुणाच्या मृत्यूनंतर दंगल झाली. शहराच्या महापौर स्टेफनी रॉलिंग्ज-ब्लेक यांनी दंगेखोरांना ‘थग्ज’ म्हटले आणि राष्ट्राध्यक्ष ओबामांनीही तोच शब्द वापरला. दोघेही काळे. तरीही गदारोळ झाला आणि महापौरांनी शब्द मागे घेतला. मे २०२० मध्ये मिनिआपोलिसच्या निदर्शकांना डोनाल्ड ट्रम्प यांनी तेच म्हटले, तेव्हा वाद आणखी पेटला. शब्दकोशात अर्थ एकच छापलेला असतो. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातले अंतर त्यात छापता येत नाही.

पोरांचा ‘थग लाईफ’ हा टुपाककडून सुटलेला, पण धार गेलेला तुकडा आहे. कोणीतरी, बहुधा आजी किंवा शाळकरी पोर, एखाद्या शहाण्याला फटकळ उत्तर देते. चित्र तिथेच गोठते, डोळ्यांवर चौकोनी ठिपक्यांचा काळा चष्मा उतरतो आणि रॅपचा ठेका सुरू होतो. तिथे ‘थग’ म्हणजे कोणाची पत्रास न ठेवणारा. ती शाबासकीच. ‘थग लाईफ’ लिहिणाऱ्या मराठी मुलाला हा घरचाच ‘ठक’ वेष पालटून आला आहे याची कल्पना नसते, आणि असायचे कारणही नाही.

आता भाषांतराचे. इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा खोलात जातो.

आजच्या इंग्रजी-अमेरिकी बातमीतला ‘थग’ मराठीत गुंड. संदर्भ रस्त्यावरच्या रिकामटेकड्या दांडगाईचा असेल तर मवाली किंवा टगे. ‘टगे’ हा शब्द ऐकायला ठगाच्या जवळचा, पण अर्थ वेगळा: वाढलेला, बेफिकीर, अंगाने दांडगा. पैसे देऊन आणलेले असतील तर भाडोत्री गुंड. हार्लनच्या खाणीतल्या लोकांसाठी हेच बरोबर. ‘थगरी’ला गुंडगिरी किंवा दंडेली. जमाव असेल तर झुंडशाही, पण एकट्यादुकट्याला तो शब्द लावू नये. या कोणत्याही ठिकाणी ‘ठग’ घातला तर मराठी वाचक आर्थिक फसवणुकीची बातमी समजून वाचू लागतो. ‘ठगांनी दुकाने जाळली’ हे वाक्य वाचून तो अडखळतोच.

अमेरिकेतल्या वर्णाच्या संदर्भात ‘गुंड’ही पुरत नाही. ‘महापौरांनी दंगेखोरांना गुंड म्हटले’ असे लिहिले तर त्यात वाद कसला, हे वाचकाला कळत नाही. आपल्याकडे दंगेखोराला गुंड म्हटल्यावर कोणी माफी मागत नाही. तिथे ‘थग’ अवतरणात ठेवावा आणि तिकडे तो काळ्यांविषयीचा आडून मारलेला टोला मानला जातो, एवढे एक वाक्य बातमीतच द्यावे. तळटीप देऊ नये, वर्तमानपत्रात ती कोणी वाचत नाही.

एकोणिसाव्या शतकातला मजकूर असेल तर ‘ठग’ आणि ‘ठगी’ हीच रूपे. ‘ठक’ नको, तो आपल्याकडे अजून जिवंत आहे आणि फसवणाऱ्याचाच अर्थ देतो. दक्षिणेतल्या, १८२० च्या आधीच्या कागदांत मूळ शब्द फासीगर असेल तर तोच ठेवावा. ‘ठग’ केला की दोन वेगळ्या नोंदी एक होऊन बसतात आणि सगळे एकाच पंथाचे होते या जुन्या समजाला नकळत खतपाणी मिळते.

उलट दिशेला, मराठीतून इंग्रजीत जाताना, ठक किंवा ‘सायबर ठग’ यासाठी ‘थग’ वापरणे साफ चूक. चीट, स्विंडलर, फ्रॉडस्टर, कॉनमॅन यांपैकी प्रसंगाला लागेल तो घ्यावा. ओटीपी विचारून खाते रिकामे करणाऱ्याने कोणाला हातही लावलेला नसतो. इंग्रजी वाचकाला मात्र ‘थग’ वाचून हातात सळई घेतलेला माणूस दिसेल. आपल्याकडच्या इंग्रजी मजकुरात हा घोळ हिंदीच्या प्रभावाने होतो.

‘थग’साठी ‘भामटा’ सुचवणारेही भेटतात. अर्थाने तो चुकतोच, कारण भामटा फसवणारा, मारणारा नव्हे. पण त्याहून मोठी अडचण आहे. ठगांच्या मोहिमेतला ‘टोळीत होता एवढे पुरे’ हा विचार पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात संपूर्ण जमातींवर लादला गेला. सोलापूरची सेटलमेंट, म्हणजे या जमातींना डांबून ठेवायची वसाहत, ही त्याच कायद्याची खूण. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. ‘भामटा’ आणि ‘उचल्या’ हे मराठीतले रोजचे शब्द त्या यादीतल्या जमातींची नावेही आहेत. राजपूत भामटा ही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आजही आहे. अमेरिकेतल्या ‘थग’वर मराठीत लिहिताना ‘भामटा’ वापरणे म्हणजे ज्या खोडीबद्दल लेख लिहायचा तीच त्यात करणे. तोतया, लबाड, फसवणूक करणारा असे साधे पर्याय आहेत. ‘गंडा घातला’, ‘टोपी घातली’, ‘चुना लावला’ हेही आहेतच.

बागेतल्या पुदिन्याला ‘गुंड’ म्हणू नये, हसे होते. ‘माजतो’, ‘बाकीच्यांना जगू देत नाही’ असे सरळ लिहावे.

राहिली लिपी. एकाच लेखात दोन्ही येत असतील तर इंग्रजी शब्दाविषयी बोलताना ‘थग’ आणि हिंदुस्थानातल्या टोळ्यांविषयी बोलताना ‘ठग’ असा भेद पहिल्या परिच्छेदापासून पाळावा, आणि मुद्रितशोधकाला तसे आधीच सांगून ठेवावे. नाहीतर तो टंकाची चूक समजून सगळीकडे एकच करतो, आणि लेखातला मुद्दाच नाहीसा होतो.